डेन्व्हरहून एका दिवसाची मोटारसहल: क्लिअर क्रीक कॅनियन आणि चांदीची जुनी गावे

हुपरीकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आई-वडील हुपरीहून आमच्याकडे डेन्व्हरला येत आहेत आणि सहा आठवडे राहणार आहेत. वडील ७१ वर्षांचे आहेत, आई ६६ वर्षांची. वडिलांची उभी हयात पैंजणांच्या कामात गेली. मुशीत चांदी आटवण्यापासून तार ओढून डाग देण्यापर्यंत सगळे काम त्यांनी हाताने केले आहे. परवा फोनवर मी सहज बोलून गेले की आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर चांदीच्या खाणींची जुनी गावे आहेत, आणि तेव्हापासून ते दर फोनला एकच गोष्ट विचारत आहेत: "खाणीतली चांदी दिसते तरी कशी?" चांदी त्यांच्यापर्यंत नेहमी विटेच्या रूपातच आली, दगडातली चांदी त्यांनी कधी पाहिलेली नाही.

गोल्डनहून निघून क्लिअर क्रीक कॅनियनमधून आयडाहो स्प्रिंग्ज, पुढे जॉर्जटाउन आणि जमल्यास गुआनेला खिंड ओलांडून परत, असा मार्ग मी नकाशावर काढला आहे. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणे कमी आणि बसून पाहणे जास्त, असा दिवस मला हवा आहे. एका दिवसात हे सगळे नीट होईल का, काय वगळावे, आणि सेंट्रल सिटी या सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावासाठी वाट वाकडी करावी का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

घाटवाटा

आपण काढलेला मार्ग उत्तम आहे. मी गोल्डनमध्ये बरीच वर्षे राहतो आणि भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला याच वाटेने नेतो. फक्त एक आग्रह धरतो: आंतरराज्य महामार्ग ७० ने जाताना कितीही वेळ वाचत असला तरी जाताना तो टाळावा आणि महामार्ग क्रमांक ६ ने कॅनियनमधूनच जावे, कारण ही गावे कशी वसली हे त्या रस्त्यावरच कळते. गोल्डन, आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन ही सारी गावे क्लिअर क्रीक या एकाच ओढ्याच्या काठची आहेत, आणि कॅनियनमधल्या रस्त्याचा बराचसा भाग ज्या वाटेवर आहे तिच्यावरून पूर्वी अरुंद रुळांची कोलोरॅडो सेंट्रल रेल्वे धावत असे. १८७२ साली ती कॅनियनमधून वर सेंट्रल सिटीशेजारच्या ब्लॅक हॉकपर्यंत पोहोचली आणि १८७७ मध्ये जॉर्जटाउनला. वळण किती हळुवार घ्यायचे हे त्या काळी गाडीच्या इंजिनाने ठरवले होते, आणि आजही स्टिअरिंग फिरवताना ते हाताला जाणवते.

सकाळी साडेआठच्या सुमारास गोल्डनमध्ये थोडे थांबावे. हे गाव १८५९ च्या सोन्याच्या धामधुमीत वसले आणि १८६२ ते १८६७ या काळात कोलोरॅडो प्रदेशाची राजधानी होते. गावाच्या पूर्वेला सपाट माथ्याचे दोन डोंगर आहेत, ते आपल्या वडिलांना आवर्जून दाखवावेत. त्यांच्या माथ्यावर सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाची टोपी आहे आणि कडा थेट आपल्याकडच्या एखाद्या किल्ल्याच्या ताशीव कड्यासारखा दिसतो. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारले होते की वर तटबंदी कुठे आहे! त्यानंतर कॅनियनमध्ये शिरताच खडक एकदम बदलतो. तिथे सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा, दाबाने आणि उष्णतेने पिळवटलेला नाईस हा खडक आहे. सह्याद्रीत थर आडवे रचलेले पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना इथे थर उभे आणि वेटोळे घातलेले दिसतात. लागोपाठ बोगदे लागतात, ओढा कधी डावीकडे तर कधी उजवीकडे येतो, आणि थांबण्याच्या जागा मात्र मोजक्याच आहेत, म्हणून दिसेल त्या पहिल्या मोकळ्या जागेत गाडी घ्यावी; मागच्या गाड्यांची घाई मनावर घेऊ नये. काठावर हौशी माणसे थाळीत वाळू धुताना दिसली तर जवळ जाऊन पाहावे, कारण सगळ्या गोष्टीची सुरुवात तिथूनच झाली. जानेवारी १८५९ मध्ये जॉर्ज जॅक्सन नावाच्या माणसाने आज जिथे आयडाहो स्प्रिंग्ज आहे तिथे शेकोटी पेटवून गोठलेली वाळू सैल केली, पाणी प्यायच्या पेल्यातच ती धुतली, आणि तळाला सोने पाहून हिवाळा संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढले नाही.

आयडाहो स्प्रिंग्जमध्ये डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली लाल इमारत दिसते ती धातुक, म्हणजे धातू असलेला दगड, दळण्याची जुनी आर्गो गिरणी. तिच्यामागे ४ मैलांहून लांब बोगदा आहे, जो १८९३ ते १९१० या काळात खोदून सेंट्रल सिटीकडच्या खाणींपर्यंत नेला होता, म्हणजे त्या खाणींतले पाणी आणि धातुक दोन्ही उताराने खाली यावे. १९४३ मध्ये आत साठलेले पाणी एकदम फुटले आणि चार कामगार गेले. तिथून काम कायमचे थांबले, पण पाणी अजून वाहते आहे, आणि ओढ्यात मिसळण्यापूर्वी ते शुद्ध करण्याचा प्रकल्प तिथेच चालतो. त्या पाण्याचा गंजासारखा रंग मी एकदा जवळून पाहिला आहे. खाण बंद झाली म्हणून तिचे देणे फिटत नाही, हे त्या रंगाकडे पाहून जितके समजते तितके माहितीफलक वाचून समजत नाही.

जेवणाबद्दल एक सूचना. आयडाहो स्प्रिंग्जचा जाड कडेचा पिझ्झा प्रसिद्ध आहे, आणि उरलेली कड मधात बुडवून खाण्याची तिथे पद्धत आहे. तरीही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी आणि जॉर्जटाउनच्या तळ्याकाठी बसून खावी. समोरच्या उतारावर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या चरायला उतरतात, त्या बाकावर बसून दिसतात.

नॅरोगेज

हुपरीचे नाव वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. आपल्या वडिलांनी पाहायला हवे असे ठिकाण या वाटेवर एकच आहे, ते म्हणजे जॉर्जटाउन, आणि निम्मा दिवस तिथेच द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. क्लिअर क्रीकच्या खालच्या टप्प्यातली गावे सोन्याची. जॉर्जटाउन आणि त्याच्या वरचे सिल्व्हर प्लूम ही चांदीची. १८६४ मध्ये जॉर्जटाउनच्या वरच्या डोंगरात चांदीची शीर सापडली आणि पुढच्या पंधरा वर्षांत या गावाला चांदीची राणी म्हणू लागले. मग लेडव्हिल हे कोलोरॅडोतलेच दुसरे चांदीचे गाव पुढे आले, पण जॉर्जटाउनच्या खाणी चालू राहिल्या. त्यांचा खरा घात झाला तो १८९३ मध्ये, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत जातो.

तो असा. त्या काळी हिंदुस्थानात कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत गेले तर तिचे रुपये पाडून मिळत असत, म्हणून जगभरातल्या चांदीला मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींचा मोठा आधार होता. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने ही मोकळी नाणेपाडणी बंद केली, आणि काही दिवसांतच चांदीचा भाव कोसळून कोलोरॅडोतल्या खाणी पटापट बंद पडू लागल्या. तोपर्यंत अमेरिकेचे सरकार १८९० च्या कायद्याप्रमाणे दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तोही कायदा रद्द झाला आणि उरलासुरला आधार गेला. मुंबईच्या टांकसाळीचे दार बंद झाले आणि अर्ध्या जगापलीकडच्या या दरीत माणसांच्या चुली विझल्या. आयुष्यभर चांदीच्या भावावर ज्यांच्या घरचे गणित चालले, त्या आपल्या वडिलांना हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पैसा अचानक थांबला म्हणूनच हे गाव जसेच्या तसे राहिले, कारण जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच कोणाकडे उरला नाही. दुसरे कारण म्हणजे आग. सेंट्रल सिटी १८७४ मध्ये जवळजवळ सगळे जळाले. जॉर्जटाउनने मात्र स्वयंसेवकांची अग्निशमन पथके बांधली आणि मोठ्या आगीतून गाव वाचवले. त्या पथकांची घंटेची मनोरेवजा इमारत आजही उभी आहे. हॉटेल दी पॅरिस हे १८७५ चे हॉटेल आता संग्रहालय आहे. ते चालवणारा लुई दुपुई हा सैन्यातून पळालेला फ्रेंच माणूस होता, खाणीत जखमी झाला आणि मग त्याने या डोंगरात थेट फ्रान्सच्या थाटाचे भोजनगृह उभे केले. भोजनकक्षात गेल्यावर खाली पाहण्यास विसरू नये: अक्रोड आणि मेपल या दोन लाकडांच्या गडद-फिक्या पट्ट्या आलटून-पालटून बसवून तिथली जमीन केलेली आहे.

आता रेल्वेविषयी. जॉर्जटाउन आणि सिल्व्हर प्लूम यांच्यात अंतर जेमतेम २ मैल, पण चढ ६४० फूट. सरळ रूळ टाकले असते तर चढ शेकडा सहा झाला असता आणि तो इंजिनाच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून रूळ दरीत वळवत वळवत साडेचार मैल लांब केले, आणि एके ठिकाणी ते स्वतःवरूनच पुलाने ओलांडून नेले. हा डेव्हिल्स गेट पूल सुमारे ९५ फूट उंच आहे. १८८४ मध्ये मार्ग पुरा झाला, १९३९ मध्ये भंगारात गेला, आणि १९८४ मध्ये पूल नव्याने बांधून गाडी पुन्हा पुलावरून जाऊ लागली. ज्यांनी नेरळ-माथेरानची गाडी पाहिली आहे त्यांना कल्पना लगेच येईल, फक्त माथेरानचे रूळ २ फुटी आणि हे ३ फुटी. डोंगराशी भांडायचे नाही, त्याच्या कलाने चढायचे, ही रीत दोन्हीकडे एकच. फेरी सुमारे सव्वा तासाची आहे, बसूनच पाहायचे आहे, त्यामुळे आपल्या मातोश्रींना हीच सर्वांत सोयीची. गाडीच्या तिकिटाबरोबरच लेबनॉन या चांदीच्या खाणीची फेरी घेता येते, ती वडिलांसाठी अवश्य घ्यावी. आत वर्षभर थंडी असते आणि शिरस्त्राण घालावे लागते. दोन्हींचे आरक्षण आधी करावे; सप्टेंबरच्या शेवटी झाडे पिवळी होतात आणि जागा मिळत नाहीत.

नाशिककर

वरील दोघांनी इतके सुंदर लिहिले आहे की गुआनेला खिंडीचा मोह कोणालाही होईल. म्हणूनच एक अनुभव सांगतो, कारण माझ्या आईच्या बाबतीत मी ही चूक केली.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर आहे, म्हणजे पाहुणे विमानातून उतरतात तेच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. जॉर्जटाउन साधारण २६०० मीटरवर आणि गुआनेला खिंड ११,६६९ फुटांवर, म्हणजे साडेतीन हजार मीटरहून थोडी वर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. आई नाशिकहून आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी तिला खिंडीत नेले. वर माउंट बियरस्टॅट समोर स्वच्छ दिसत होता, मी छायाचित्रे काढण्यात गुंग होतो, आणि आई गाडीच्या दाराला धरून उभी होती. ती काही बोलली नाही. तिचे ओठ कोरडे पडलेले आणि चेहरा पांढरा झालेला मी उशिरा पाहिला. तिला उलटी झाली, डोके भणभणत राहिले. खाली आलो तशी अर्ध्या तासात ती बरी वाटू लागली, पण तो उतार उतरताना मी जे घाबरलो ते आजही आठवते. त्या घाबरण्यात मी सगळा घाट ब्रेकवरच उतरलो आणि पायथ्याशी चाकांतून जळका वास येऊ लागला. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरवर ठेवावी हे कसाऱ्याच्या घाटात ज्याला पाठ होते, तो मी इथे विसरलो.

म्हणून माझे सांगणे असे की निदान दहा-बारा दिवस त्यांना डेन्व्हरची हवा मानवू द्यावी, रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून आधी विचारावे, दिवसभर पाणी घोटघोट प्यायला लावावे आणि खिंडीचा निर्णय घरी न घेता जॉर्जटाउनमध्ये आईकडे पाहून घ्यावा. आपल्या आया "मला काही होत नाही" असेच म्हणतात, त्यामुळे विचारण्यावर विसंबू नये.

हुपरीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मुंबईच्या टांकसाळीची हकिगत वडिलांना फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "भाव पडला की पहिली भट्टी कारागिराची विझते." नाशिककर, आपण मोकळेपणाने लिहिलेत म्हणून खास आभार, डॉक्टरांशी बोलून घेते. सहल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ठरवली आहे. सेंट्रल सिटीचे मात्र कोणी सांगितले नाही.

घाटवाटा

सेंट्रल सिटी या वेळी सोडावी. तिचे महत्त्व मोठे आहे यात शंका नाही: मे १८५९ मध्ये जॉन ग्रेगरीला खडकातली सोन्याची शीर तिथल्याच घळीत सापडली, जगातला सर्वांत श्रीमंत चौरस मैल अशी तिची ख्याती झाली, आणि १८७८ मध्ये खाणकामगारांच्या त्या गावाने दगडी संगीतनाट्यगृह बांधले, जे आजही चालू आहे. पण १९९१ पासून तिथे आणि ब्लॅक हॉकमध्ये जुगाराला परवानगी आहे, आणि जुन्या दर्शनी भिंतींच्या मागे बहुतेक ठिकाणी यंत्रांचा खणखणाट ऐकू येतो. त्या परवानगीच्या उत्पन्नातून जुन्या वास्तूंच्या जतनाला पैसा मिळतो हेही तितकेच खरे, आणि तो पैसा राज्यभर उपयोगी पडला आहे. तरीही ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना मी जॉर्जटाउन सोडून तिकडे पाठवणार नाही. नाट्यगृहासाठी उन्हाळ्यात वेगळे जावे.

मंगळवार निवडलात हे फार चांगले केलेत. त्या आठवड्यात शनिवार-रविवारी गुआनेलाच्या रस्त्यावर दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि महामार्ग ७० वर परतीची रांग तासन्‌तास हलत नाही. खिंड ओलांडलीतच तर ग्रँट आणि बेलीवरून मॉरिसनला यावे; सगळी फेरी साधारण ११० मैलांची होते आणि शेवटी रेड रॉक्सच्या तांबड्या शिळा संध्याकाळच्या उन्हात सापडतात.

हुपरीकर

आम्ही मंगळवारी जाऊन आलो. इथे सांगितल्याशिवाय हा विषय बंद करणे योग्य वाटत नाही.

कॅनियनमध्ये आई पूर्ण वेळ काचेला नाक लावून होती. आर्गो गिरणी बाहेरूनच पाहिली. तळ्याकाठी दशम्या खाताना एकही मेंढी दिसली नाही, पण निघताना आईलाच सर्वांत आधी दिसल्या: उतारावरच्या दगडांच्याच रंगाच्या पाच मेंढ्या, आणि त्या हलल्या म्हणूनच कळल्या. गाडी पुलावरून गेली तेव्हा खाली आम्ही नुकतेच येऊन गेलेले रूळ दिसत होते. वडिलांनी ते बोटाने हवेत गिरवून पाहिले आणि म्हणाले की हा तर साखळीचा फासा आहे.

खाणीत मी आणि वडील दोघेच गेलो. मार्गदर्शकाने दिवा भिंतीजवळ नेऊन शीर दाखवली. मला वाटले होते की वडिलांना चकाकणारे काहीतरी अपेक्षित असेल आणि ते निराश होतील, कारण भिंतीत दिसत होती ती काळसर, मळकट रेघ. त्यांनी विचारले, मी भाषांतर करून विचारले, आणि मार्गदर्शकाने धातुकाचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही, आधी तळहातावर दोनदा वरखाली करून तोलला आणि मला म्हणाले, "यात शिसं आहे." मार्गदर्शकाला सांगितले तर तो चकितच झाला, कारण ते गॅलिनाच होते, शिशाचे धातुक, आणि इथली बरीचशी चांदी त्याच्याच पोटात मिळत असे. वडिलांनी मग त्याला माझ्याकरवी सांगितले की त्यांच्या आजोबांच्या काळी मळकी चांदी शुद्ध करायला तिच्यात शिसे घालून आटवत, शिसे मळ घेऊन बाजूला होई आणि चांदी उरे. त्या दोघांचे बोलणे पुढे दहा मिनिटे चालले आणि बाकीची मंडळी शांतपणे ऐकत राहिली. मला टंच, मूस, टाकणखार या शब्दांसाठी इंग्रजी शब्द वेळेवर सुचत नव्हते, तरी त्यांचे काही अडत नव्हते.

गुआनेला खिंड आम्ही पुरी केली नाही. जॉर्जटाउनहून नागमोडी चढ चढून वरच्या तळ्यांपर्यंत गेलो, तिथे अ‍ॅस्पेनची झाडे हळदीसारखी पिवळी झाली होती. आई काहीच तक्रार करत नव्हती, पण तिने पदर दोनदा चेहऱ्यावर फिरवला आणि बोलणे थांबवले, तेव्हा नाशिककरांचे लिहिलेले आठवले आणि मी गाडी वळवली. उतरताना गिअर खाली ठेवला. परतीला महामार्ग ७० ने आलो आणि तासाभरात घरी पोहोचलो.

वडिलांनी जॉर्जटाउनच्या एका दुकानातून गॅलिनाचा लिंबाएवढा तुकडा विकत घेतला आहे. तो हुपरीला न्यायचा आहे आणि भट्टीवरच्या पोरांच्या हातावर ठेवून आधी वजन ओळखायला सांगायचे आहे, असे ते म्हणतात. सध्या तो रुमालात गुंडाळून त्यांच्या उशाशी ठेवलेला आहे.